कावळ्याची झोप कोणी उडवली?

आमच्या वस्तीच्या चौकात उंच खांबाचा मोठा दिवा बसला, त्याला आता काही वर्षे झाली. तो बसावा म्हणून जो अर्ज दिला होता त्यावर पहिली सही माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी म्हणायला नको की ज्यांच्या घरी उजेड आहे त्यांनाच अंधाराचे कौतुक सुचते. आमच्याकडे सार्वजनिक संडास वस्तीच्या टोकाला, नाल्याच्या कडेला. रात्री आठनंतर आयाबहिणींनी तिकडे एकटे जायचे नाही, असा जणू कायदाच होता. जायचे तर चौघींनी मिळून, एकीच्या हातात बॅटरी. पावसाळ्यात पायाखाली काय येईल याचा नेम नाही. शहरात इतरत्र रस्तोरस्ती दिवे लागले तरी आमच्याकडे नुसते खांबच उभे होते. त्या दिव्यासाठी तीन वर्षे खेटे घातले. दिवा लागला त्या रात्री पोरे बारा वाजेपर्यंत चौकात धिंगाणा घालत होती आणि त्यांना कोणी रागावले नाही.

त्याच चौकात विहाराला लागून जुना पिंपळ आहे. त्यावर संध्याकाळी शेकड्याने कावळे आणि साळुंक्या वस्तीला येतात. खांबावर सहा दिवे. चार रस्त्याकडे आणि दोन थेट पिंपळाच्या शेंड्याकडे तोंड करून बसवलेले. बसवणाऱ्याने ते तसे का बसवले हे त्यालाच ठाऊक. महिनाभरात शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "भाऊ, रातच्याला दोन-दोन वाजता कावळे कोकलत्यात. हे लक्षण काही चांगलं नाही बघ."

मी म्हणालो, "आजी, कावळ्याच्या ओरडण्याने कोणाचे बरेवाईट होत नसते."

"मग का ओरडत्यात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अपशकुन नाही एवढे सांगून मी मोकळा झालो खरा, पण कारण न सांगता नुसते 'अंधश्रद्धा' म्हणणे म्हणजे अर्धेच काम. म्हणून जमेल तसे वाचत गेलो, विचारत गेलो. पक्षी हा काही माझा विषय नाही, मी आयुष्यभर खतावण्या लिहिलेला माणूस. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

दिल्लीचे कावळे

पहिले उत्तर मिळाले ते आपल्याच देशात. दिल्ली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावळ्यांवर अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. कावळे म्हणजे आपल्या दारातले, करड्या मानेचे साधे कावळे. त्यांना आधी दिवसाचे बारा तास उजेड आणि रात्रीचे बारा तास पूर्ण काळोख अशा ठिकाणी ठेवले. नंतर रात्रीच्या काळोखाऐवजी मंद उजेड ठेवला. किती मंद? ६ लक्स. लक्स हे उजेड मोजायचे माप आहे. पौर्णिमेचे लख्ख चांदणे पाव लक्सच्या आसपास भरते. रस्त्यावरच्या दिव्याखाली दहा-वीस लक्स सहज असतात. तेव्हा ६ लक्स म्हणजे चाळीच्या जिन्यातल्या मिणमिणत्या बल्बाएवढा उजेड समजा. ज्यात आपण पेपर नीट वाचू शकणार नाही, असा.

एवढ्या उजेडाने काय झाले? कावळ्यांची झोप कमी झाली. रात्री ते हालचाल करू लागले. त्यांचे खाणे कमी झाले. कावळा दिवसातून किती वेळा चोचीने पिसे साफ करतो ते आपण पाहतो. ते साफ करणेही कमी झाले. काही कावळे स्वतःच्याच अंगाला इजा करून घेऊ लागले. आणि नवी वस्तू समोर ठेवली तर तिच्याकडे जाईनात. कावळ्यासारखा चौकस पक्षी, ज्याला खिडकीतला चमचासुद्धा उचलून पाहायचा असतो, तो समोरच्या नव्या वस्तूकडे ढुंकून बघत नाही! माणसाच्या बाबतीत असे झाले तर आपण म्हणतो, याचे मन उडाले आहे. शास्त्रज्ञांनीही ही लक्षणे नैराश्यासारखी आहेत असेच म्हटले. स्मरणशक्ती आणि मनःस्थिती यांच्याशी संबंध असलेला मेंदूचा जो भाग आहे, त्यातही त्यांना बदल आढळले.

पण या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढेच आहे. रात्रीचा तो मंद दिवा काढून पुन्हा पूर्ण काळोख दिला तेव्हा हे वाईट परिणाम ओसरले. औषध नाही, पाणी नाही. नुसता अंधार.

शरीरातले घड्याळ

असे का होते? प्रत्येक जिवाच्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते सूर्याच्या उजेडाने रोज लावले जाते. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल नावाची छोटी ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते. आता रात्र झाली, दुरुस्तीची कामे सुरू करा, असा तो सगळ्या शरीराला निरोप असतो. उजेड पडला की हा रस आटतो. माणसात आणि पक्ष्यात हे सारखेच आहे. फरक इतकाच की आपल्याला उजेड कळतो तो डोळ्यांनी. पक्ष्यांच्या डोक्याची कवटी पातळ असते, तिच्यातून उजेड आत झिरपतो, आणि मेंदूच्या आतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे पक्ष्याने डोळे मिटले, मान पंखात घातली, तरी त्याच्यापुरता पूर्ण अंधार होतोच असे नाही. आपण तोंडावर चादर ओढतो. तो काय ओढणार?

याच घड्याळावर पक्षी ऋतूही ओळखतात. थंड प्रदेशात दिवस मोठा होऊ लागला की विणीचा हंगाम आला, दिवस लहान होऊ लागला की पिसे बदलायची वेळ झाली, असा त्यांचा हिशेब असतो. रस्त्यावरचा दिवा या हिशेबात खोटी नोंद करतो. जर्मनीत कस्तूर जातीच्या काळ्या पक्ष्यांवर प्रयोग झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. रात्री त्यांना अवघा ०.३ लक्स उजेड दिला, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच, पण रोज रात्रभर. पक्ष्यांची शरीरे विणीसाठी जवळजवळ महिनाभर आधी तयार झाली. पिसे बदलणेही आधी सुरू झाले. वरवर पाहता यात वाईट काय? वाईट हे, की पिल्लांना भरवायच्या अळ्या त्यांच्या वेळेवरच निघतात. त्यांना कोणी महिनाभर आधी बोलावलेले नसते. आणि याच पक्ष्यांना दुसऱ्या वर्षीही तशाच उजेडात ठेवले, तेव्हा नरांची जननेंद्रिये त्या वर्षी वाढलीच नाहीत. पहिल्या वर्षी घाई, दुसऱ्या वर्षी सगळेच ठप्प.

बेल्जियममध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या लोकांनी वल्गुली जातीच्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांत छोटा दिवा लावून पाहिला. हा पक्षी आपल्या चिमणीपेक्षाही लहान असतो आणि तिकडे लोकांनी टांगलेल्या लाकडी खोक्यांत घरटे करतो. दिवा लावल्यावर आई कमी झोपली आणि सकाळी लवकर उठली. दुसऱ्या एका प्रयोगात पिल्लांना फक्त दोन रात्री ३ लक्स उजेड दिला. अंधारातल्या पिल्लांचे वजन त्या दोन दिवसांत वाढले. उजेडातल्यांचे वाढले नाही. ज्या घरात तान्हे मूल आहे त्यांना दोन दिवस वजन न वाढण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि ज्यांनी गिरणीत, कारखान्यात किंवा रुग्णालयात रात्रपाळी केली आहे त्यांना तर यातले काहीच नवीन वाटणार नाही. दिवसा आठ तास पडून राहिले तरी रात्रीची झोप भरून निघत नाही, भूक मरते, चिडचिड वाढते, हे आपल्या घराघरांत पाहिलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचे काम हे कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातले आणि २०१९ साली फेरतपासणी करून ते तिथेच ठेवले. पण निदान रात्रपाळीचा भत्ता तरी मिळतो!

भत्त्यावरून आठवले. २०२५ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांचा मोठा अभ्यास आला. जगभर लोकांनी ठेवलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रांतून पक्ष्यांचे आवाज गोळा केले. नोंदी कोटींच्या घरात, जाती ५८३. जिथे रात्रीचा उजेड जास्त तिथे पक्षी सकाळी लवकर बोलू लागतात आणि संध्याकाळी उशिरा गप्प होतात. सरासरी त्यांचा दिवस ५० मिनिटांनी लांबला आहे. कारकुनी सवयीने मी लगेच हिशेब केला. महिन्याचे २५ तास झाले. म्हणजे महिन्याला तीन पाळ्यांहून जास्त ओव्हरटाइम, तोही बिनपगारी. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की या जादा वेळाचा पक्ष्यांना तोटाच होतो असे त्या अभ्यासाने म्हटलेले नाही. एखाद्याला चारा शोधायला जास्त वेळ मिळतही असेल. पण ज्यांचे डोळे मोठे आणि ज्यांचे घरटे उघड्यावर, त्यांचा दिवस जास्त लांबतो असे त्यांना दिसले. उघड्यावर राहणाऱ्यालाच जास्त सोसावे लागते, हा नियम तिथेही आहे तर.

चिमणीचा ताप, आपल्याला

पक्ष्यांची झोप गेली तर आपले काय जाते, असे विचारणारे भेटतातच. त्यांच्यासाठी हा एक प्रयोग. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये चिमण्यांना रात्री ८ लक्स उजेडात ठेवले आणि मग त्यांना वेस्ट नाईल नावाच्या विषाणूची बाधा केली. हा रोग पक्ष्यांत असतो, डास चावून तो माणसात येतो. आपल्या देशात केरळमध्ये याचे रुग्ण सापडलेले आहेत. उजेडातल्या चिमण्या काळोखातल्या चिमण्यांपेक्षा जास्त मेल्या नाहीत. पण त्यांच्या रक्तातला विषाणू दोन दिवस जास्त टिकला. म्हणजे डासाला तो उचलायला दोन दिवस जास्त मिळाले. यावरून त्यांनी गणित मांडले तेव्हा साथ पसरण्याची शक्यता ४१ टक्क्यांनी वाढते असे निघाले. हे २०१९ सालचे संशोधन आहे. दिव्याखाली उकिरडा, उकिरड्याशेजारी तुंबलेले गटार, गटारात डास आणि वर तारेवर चिमणी, हे चित्र कुठले आहे ते वाचकांना मी सांगायला नको.

शिकागोची रात्र

हे झाले एका जागी राहणाऱ्या पक्ष्यांचे. पण हजारो मैल प्रवास करणारे कितीतरी पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, ससाण्याची भीती कमी असते. वाट त्यांना कळते ती पृथ्वीच्या चुंबकत्वावरून आणि ताऱ्यांवरून. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी पक्ष्यांना तारांगणात नेऊन, छतावरचे खोटे तारे फिरवून हे सिद्ध केले होते. आपल्या ठाणे खाडीत हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी, ज्यांना सगळे फ्लेमिंगो म्हणतात, तेही लांबचा प्रवास बहुधा रात्रीच करतात.

आता अशा पक्ष्याच्या वाटेत लखलखीत शहर आले तर? ढग खाली असले, धुके असले की तारे दिसत नाहीत आणि खालचा उजेड तेवढा दिसतो. पक्षी त्याकडे ओढला जातो, त्याभोवती घिरट्या घालतो, दमतो, आणि काचेवर आपटतो. शिकागो शहरात तळ्याच्या काठी मॅककॉर्मिक प्लेस नावाचे भव्य सभागृह आहे, बाजूच्या भिंती सगळ्या काचेच्या. तिथल्या फील्ड संग्रहालयात काम करणारे डेव्हिड विलर्ड १९७८ साली एका सकाळी सहज त्या इमारतीभोवती चालून आले, कारण तिथे पक्षी आपटतात असे त्यांनी ऐकले होते. तेव्हापासून पक्ष्यांच्या प्रवासाच्या हंगामात रोज पहाटे मेलेले पक्षी वेचण्याचे काम त्यांनी धरले. चाळीस वर्षांत चाळीस हजार पक्षी. प्रत्येकाची जात, तारीख, माप, सगळे लिहून ठेवलेले. अशी चिकाटी पाहिली की आमच्यासारख्या वह्या लिहिणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात.

५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मात्र त्यांनाही धक्का बसला. त्या एका रात्रीत त्या एकाच इमारतीवर आपटून ९६४ पक्षी मेले होते. मूठभर आकाराचे गाणारे पक्षी, हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघालेले.

विलर्ड यांच्या त्या वह्यांचा उपयोग असा झाला की, कोणत्या रात्री किती खिडक्यांत दिवे होते आणि किती पक्षी मेले, याचा ताळा घालता आला. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. आजवर कमीत कमी जेवढ्या खिडक्या उजळलेल्या होत्या तेवढ्याच रोज ठेवल्या असत्या तरी मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या सुमारे ६० टक्क्यांनी घटली असती! खर्च शून्य, उलट विजेच्या बिलात बचत. तरीही काचांवर उपाय झाला तो ९६४ पक्षी मेल्यानंतरच. २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्या काचांवर बारीक ठिपक्यांचा पातळ पडदा चिकटवला, आणि त्यानंतरच्या हंगामात मृत्यू जवळजवळ ९५ टक्क्यांनी कमी झाले.

न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला, २००१ साली पडलेल्या दोन मनोऱ्यांच्या स्मरणार्थ, उजेडाचे दोन झोत रात्रभर आकाशात सोडतात. ७,००० वॅटचे ८८ दिवे. मेलेल्या माणसांची आठवण आहे, तिच्याविरुद्ध कोण बोलणार? पण सात वर्षांच्या सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी त्या झोताकडे ओढले गेले, असा हिशेब रडारवरून निघाला. भांडण कोणी केले नाही. स्वयंसेवक झोतातले पक्षी मोजत बसतात, आणि हजारावर गेले की दिवे वीस मिनिटे बंद करतात. तेवढ्यात पक्षी पांगतात आणि आपापल्या वाटेला लागतात. स्मरणही होते आणि पक्षीही जगतात.

जतिंगाचे भूत

आता आजींच्या अपशकुनाकडे वळतो, कारण तसाच मोठा अपशकुन आसामात होऊन गेला आहे. हाफलाँगजवळ डोंगरावर जतिंगा नावाचे छोटे खेडे आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, चंद्र नसलेल्या, धुक्याच्या आणि वाऱ्याच्या रात्री, त्या गावातल्या दिव्यांवर आकाशातून पक्षी येऊन पडतात. बगळे, खंड्या, हरियाल, नवरंग असे कितीतरी. पूर्वी लोकांना वाटे, ही भुतेच पक्ष्यांचे रूप घेऊन येतात. नंतर शिकलेल्या लोकांनी त्याला 'पक्ष्यांची सामुदायिक आत्महत्या' असे नाव दिले, आणि मला वाटते ही दुसरी समजूत पहिलीपेक्षा काही शहाणी नाही. शाळेत असताना आम्हीही ती मोठ्या चवीने वाचली होती.

ई. पी. जी आणि सलीम अली यांनी १९६० च्या दशकात या प्रकाराकडे लक्ष वेधले, पुढे सुधीर सेनगुप्ता यांनी १९७७ पासून अभ्यास केला. निघाले ते असे. पक्षी आत्महत्या करत नाहीत. पाऊस-वाऱ्याने उठवलेले, धुक्यात वाट हरवलेले, त्यातले बरेचसे त्याच वर्षी जन्मलेले अननुभवी पक्षी दिव्याकडे येतात आणि भांबावून बसून राहतात. त्यांना मारत होती ती माणसे, बांबूने, खाण्यासाठी. दिवा नसता तर पक्षी उतरले नसते, आणि हे कळल्यावर समजावून सांगण्याचे काम सुरू झाले तेव्हा मारणेही कमी झाले. भूत नव्हतेच, दिवा होता.

पेंचजवळची गावे

मग काय, दिवे काढून टाकायचे? मुळीच नाही. आमच्या वस्तीत येऊन कोणी तसे म्हणाला तर चौकातल्या बायका त्याला उभा राहू देणार नाहीत, आणि त्यांच्या पुढे मी असेन. प्रश्न दिव्याचा नाही, दिव्याच्या तोंडाचा आहे. उजेड पाहिजे जमिनीवर, पायापुढे. आभाळात आणि झाडात गेलेला उजेड हा फुकट गेलेला उजेड. त्याचे बिल मात्र आपल्याच करातून जाते.

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे राखलेल्या काळोखाचे रान, असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यासाठी जवळच्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. गावे काळोखात गेली नाहीत. रस्त्यावर उजेड आहे आणि वर तारे आहेत.

दुसरी गोष्ट दिव्याच्या रंगाची. २०१५ पासून सरकारी योजनेत देशभर एक कोटीहून जास्त एलईडी दिवे रस्त्यांवर बसले. वीज वाचली हे खरे. पण जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढराफेक उजेड आला, आणि त्यातला निळा भाग मेलाटोनिन सर्वांत जास्त आटवतो. हे यंत्राचे दूषण नव्हे, एलईडीतही पिवळसर दिवा मिळतो. मेलबर्नच्या अभ्यासात, २०२० साली, तिथल्या मॅगपाय पक्ष्यांची झोप पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळ्याखाली कमी मोडली असे दिसले. कबुतरांना मात्र दोन्ही सारखेच बाधले. म्हणजे रंग बदलला की काम संपले असेही नाही.

आणि हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. युरोप-अमेरिकेतल्या हजारो लोकांनी घरून तारे मोजून कळवले, त्यावरून २०२३ साली असे निघाले की रात्रीचे आकाश वर्षाला सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळते आहे. चक्रवाढ व्याज ज्याने भरले आहे त्याने ७२ ला ९.६ ने भागून पाहावे. साडेसात वर्षांत दुप्पट.

पिंपळावरची रोषणाई

आता थोडे आपल्या अंगणातले, आणि हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. एप्रिलमध्ये जयंतीला आणि वैशाख पौर्णिमेला आपण विहारापुढच्या पिंपळाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळतो. मीही शिडी धरून उभा राहिलो आहे. बरोबर त्याच महिन्यांत कावळ्यांची घरटी असतात, त्यातच कोकिळेची अंडी असतात. माळा कधी कधी पंधरा-पंधरा दिवस उतरवत नाहीत. हे फक्त आपणच करतो असे नाही, दिवाळीत, नाताळात, लग्नसराईत सगळेच करतात. २०२४ मध्ये झाडांवरच्या रोषणाईबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही आली. पण दुसरे करतात म्हणून आपण करावे, हे काही आपल्याला शिकवलेले नाही.

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. तरुण मुले आधी चिडली. "काका, जयंतीला पिंपळच काळोखात ठेवायचा?" मी दिल्लीच्या कावळ्यांची हकीकत सांगितली. एक मुलगी, बारावीला आहे, ती म्हणाली, "माळा कमानीला लावू, घुमटाला लावू. झाड सोडून देऊ. आणि रात्री अकराला स्विच बंद." शेवटी तेच ठरले. एकाने विचारले, पौर्णिमेला तरी? त्याला तिनेच उत्तर दिले की त्या रात्री चंद्र असतोच.

खांबावरच्या दिव्यांसाठी पुन्हा अर्ज लिहिला. पहिली सही पुन्हा माझीच, दुसरी आजींची. दिवा काढा असे लिहिले नाही. झाडाकडचे दोन दिवे खाली, संडासाच्या वाटेकडे वळवा, असे लिहिले. चार महिन्यांनी वायरमन आला, वर चढला, आणि दहा मिनिटांत दोन्ही दिवे फिरवून खाली उतरला. आजींनी त्याला चहा दिला. वाटेवर आता पहिल्यापेक्षा जास्त उजेड पडतो असे मुलींनीच येऊन सांगितले.

रात्री दोनचे ओरडणे थांबले. पहाटे चारला मात्र पिंपळाच्या पलीकडच्या फांद्यांवरचे कावळे अजून उठतात. तिकडे रस्त्यापलीकडे जाहिरातीचा मोठा फलक आहे, रात्रभर पेटलेला. त्याचा अर्ज कुठल्या खात्यात द्यायचा, ते विचारायला येत्या सोमवारी जायचे आहे.